बऱ्या डोळ्यावर पट्टी

मला गप्प करायचा प्रयत्न आजवर पुष्कळांनी केला. बुवांनी केला, सरपंचांनी केला, एकदा तर मंडपवाल्याने भाषण चालू असताना लाऊडस्पीकरची वायरच उपटली. पण मला खरोखर गप्प केलं ते माझ्या बापाने, निडीच्या आमच्या घराच्या ओटीवर, आणि तेही मीच लिहिलेला कागद माझ्या नाकासमोर धरून.

तेव्हा मी पेणच्या कॉलेजात होते. आठवडाभर आत्याकडे राहायचं आणि शनिवारी संध्याकाळच्या पॅसेंजरने रोह्याजवळ निडीला घरी यायचं. आत्याचं बिऱ्हाड गणपतीच्या कारखान्यामागे होतं, त्यामुळे पावसाळा जवळ आला की आमच्या भाताला, आमटीला, उशीच्या अभ्र्याला, सगळ्यालाच रंगाचा वास. निडीच्या घराला वास होता तो भिजत घातलेल्या वालाचा. बाबा कंपनीत शिफ्टला जायचे, पण आमचं थोडं भात आणि थोडा वाल घरचाच होता. आई वाल भिजवायची, मोड काढायची आणि कोमट पाण्यात टाकून सोलायला बसायची. सोललेला दाणा बोटांतून सुटून परातीत पडायचा तेव्हा बारीकसा टण्ण आवाज यायचा. त्या आवाजावरून मला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं, की आज बिरडं आहे. आता मुंबईच्या दुकानात सोललेला वाल पिशवीतून मिळतो. आणते मी. पण तो आवाज काही पिशवीत येत नाही.

पेणमध्ये आमचा एक गट होता. थोडी पोरं, दोन पोरी, एक निवृत्त मास्तर आणि मास्तरांपेक्षा म्हातारं एक सायक्लोस्टाइल मशीन. बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढायची, बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर वाटायची आणि शिव्या खायच्या, हा आमचा कार्यक्रम. पत्रकं बहुतेक मीच लिहायची, कारण माझी वाक्यं आखूड असत आणि मला राग लवकर येई. त्या वर्षी आमच्या भागात एक नेत्रगुरुजी फिरत होते. गावोगाव चष्मामुक्ती शिबीर. तळहातांनी डोळे झाका, बुबुळं गोल फिरवा, तांब्यातलं पाणी डोळ्यांवर मारा, इथवर ठीक होतं, त्यात कोणाचं काही जात नव्हतं. पण शेवटचा व्यायाम होता सूर्याकडे पापणी न लववता बघण्याचा. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या भावाने तो इमानाने केला आणि त्याला कुठेही बघितलं तरी नजरेच्या मधोमध काळा ठिपका दिसायला लागला. मी त्याला भेटून आले. तो माझ्याकडे बघण्यासाठी मान वाकडी करत होता. त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘डोळ्यांचे व्यायाम : शुद्ध थोतांड!’ उद्गारचिन्ह मास्तरांनी एकच ठेवलं, माझी तीन होती.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या कुंदाचं प्रकरण निघालं. कुंदा माझी धाकटी बहीण, माझ्याहून पुष्कळ लहान, दुसरीत शिकणारी. शाळेत डोळे तपासायला माणसं आली होती. डावा डोळा झाकला तर ही पोपटासारखी घडाघडा वाचू लागली आणि उजवा झाकला तर म्हणते, “बाई, फळा कुठं गेला?” सगळा वर्ग हसला. मी तिला पेणला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी बराच वेळ तिला तपासलं, मग स्टूल ओढून आमच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, “डाव्या डोळ्याला जबरी नंबर आहे आणि तो कोणाला कळलाच नाही. उजवा चांगला, म्हणून मेंदू उजव्याचंच ऐकत राहिला. डाव्याचं ऐकायचं त्याने सोडून दिलंय. याला आम्ही आळशी डोळा म्हणतो.” उपाय दोन. चष्मा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. पट्टी असताना बारीक काम करायचं. तांदूळ निवडणं, फुलं ओवणं, चित्र रंगवणं, वाचणं. “म्हणजे डोळ्याला व्यायाम द्यायचा,” बाई म्हणाल्या, आणि मला माझा मथळा आठवला. “आणि उशीर करू नका. ही अजून दोनेक वर्षांनी आली असती, तर मी काही कबूल केलं नसतं.” आता डॉक्टर सांगतात, की मोठ्या मुलांतही थोडंफार साधतं. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं, की दार लागत आलंय आणि आमची पोर बाहेर उभी आहे.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. बाबा जेवत होते. शांतपणे ऐकून घेतलं, हात धुतला, फडताळाकडे गेले आणि आईने बरण्यांखाली घातलेला माझाच कागद ओढून काढला.

“ह्यो कोणी लिवलाय?”

“मी.”

“वाच मोठ्यानं.”

मी वाचला नाही. मग त्यांनीच वाचला, एकेक अक्षर चावत. “डोळ्यांचे व्यायाम, शुद्ध, थोतांड. गेल्या आठवड्यात ह्याच्यासाठी स्टँडावर माणसांच्या अंगावर गेलीस तू. आणि आज माझ्या पोरीचा बरा डोळा बांधून तिला व्यायाम द्यायला निघालीस व्हय?”

“बाबा, हा व्यायाम वेगळा आहे.”

“कागदात तर येगळाबिगळा काय लिवलेला नाय.”

नव्हताच लिहिलेला. मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बाबांना वाद जिंकल्याचा आनंद झाला नव्हता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांची भीती साधी होती. सोबतची पोरं कुंदाला आत्ताच काणी म्हणायला लागली होती. त्यात पट्टी लागली, की गावभर नाव होणार आणि पुढे लग्नाच्या बाजारात तेच नाव पुढे येणार. तिढा आईने सोडवला. ती म्हणाली, “लावू दे पट्टी. डॉक्टरीणपण बाईमाणूसच हाय, पोरीचं वाईट नाय सांगायची. आणि वाल सोलायला मला तरी कोण हाय? कुंदी सोलेल.”

असा इलाज सुरू झाला. म्हणजे मी तसं समजत होते. चष्मा आला. डावी काच बाटलीच्या बुडासारखी. पट्टी आईने मऊ जुन्या धोतराची शिवली, काजळ लागलं तरी दिसू नये म्हणून काळी रंगवली. मी आठवडाभर पेणला. शनिवारी उतरले, की पहिला प्रश्न पट्टीचा. आई सांगायची, “रोज लावते गो बाय. शाळंतनं आली की लावते, दिवेलागणीला काढते.” कामात कशी आहे? “झरझर. माझ्या आधी परात भरते. एक साल राहू देत नाय.” मी खूश. रविवारी मात्र पट्टी नसायची. आई म्हणायची, “कंपनीला पण वीकली ऑफ असतो, पोरीला नको?” एका दिवसाने काय होतंय, असं म्हणून मीही सोडून दिलं. पेणला जाऊन गटातल्या पोरांना सांगू लागले, की खरा इलाज असा असतो, शास्त्रीय, थोड्याच दिवसांत आमची कुंदा बघा कशी वाल सोलते ते.

दिवाळीनंतर बाईंना दाखवायचं ठरलं होतं. त्याआधीच रोह्यात नेत्रगुरुजींचं शिबीर लागलं. बाबांच्या कंपनीतल्या माणसांनी त्यांना सांगितलं, की तिथे पट्टी नाही, चष्मा नाही, जागेवर गुण. मला काही न सांगता ते शनिवारी आईला आणि कुंदाला घेऊन निघाले. इकडे आमचाही गट पत्रकं घेऊन रोह्याला आलेला. हॉलच्या दारात पत्रकं वाटता वाटता मी आत डोकावले, तर पहिल्या रांगेत माझा बाप बसलेला, शेजारी चष्मा आणि पट्टी लावलेली आमची कुंदा. पट्टी तिने त्या दिवशी डाव्या डोळ्यावर लावली होती का उजव्या, हे मी बघितलंच नाही. गर्दी होती, आणि माझं डोकं फिरलं होतं.

गुरुजी माणूस हुशार. पांढरा सदरा, आवाज गोड, गर्दीला हसवायची हातोटी. भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला. आधी सगळ्या हॉलकडून तो तक्ता तालात वदवून घ्यायचा, मग एकेकाचा चष्मा काढून त्याला वाचायला लावायचं. वाचणार नाही तर काय करेल? पाठच झालेला असायचा. मी मागून ओरडून हे सांगावं, एवढ्यात त्यांची नजर कुंदावर गेली. त्यांनी तिला उचलून स्टेजवरच्या स्टुलावर उभं केलं.

“बघा हो, या लेकराची काय दशा केलीय डॉक्टरांनी! चष्माही आणि पट्टीही! बैल आहे का ही घाण्याचा?” लोक हसले. त्यांनी पट्टी काढली, चष्मा काढला, तळहात तिच्या डोळ्यांवर ठेवले, काहीतरी पुटपुटले आणि हात बाजूला केले. “वाच बाळा.”

कुंदाने वाचलं. वरपासून खालपर्यंत. टाळ्या पडल्या. बाबांनी टोपी काढून डोळे पुसले. त्यांना तसं मी आमच्या आजोबांच्या दिवसकार्यालाही बघितलं नव्हतं.

मी खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजपाशी गेले. “दोन्ही डोळ्यांनी ती आधीपासूनच वाचते,” मी म्हणाले, “उजवा डोळा चांगलाच आहे तिचा. उजवा झाकून वाचायला सांगा. आणि हा तक्ता नको, तो सगळ्यांना पाठ आहे.”

“मुली, खाली बस,” गुरुजी म्हणाले.

“बसते. आधी उजवा झाका.”

“झाका की!” कोणीतरी मागून ओरडलं. “बघू तरी!” गर्दीला खेळ हवा असतो, तो कोणाचा आहे याच्याशी तिला घेणं नसतं. मी स्टेजवर चढले, कुंदाला तिचा चष्मा परत घातला, उजव्या काचेवर माझ्या हातरुमालाची घडी धरली आणि मास्तरांना हाक मारली. ते हॉलच्या मधोमध आमचं पत्रक दोन्ही हातांनी उंच धरून उभे राहिले. मथळा चांगला बोटभर उंचीचा होता. मला खात्री होती. रोज झरझर वाल सोलणारी पोर हे वाचणार, आणि बाबा, गुरुजी, अख्खं रोहा हे बघणार.

“वाच, कुंदा.”

तिने मान इकडून तिकडे फिरवली. मग हळूच म्हणाली, “ताई, मास्तर कुठं हायत?”

हॉलमध्ये हसण्याची जी लाट आली, ती मला आजही कधीकधी ऐकू येते, बहुधा मी कुठल्या तरी सभेत फार खात्रीने बोलत असते तेव्हा. गुरुजींनी संधी साधली. “बघा! बघा मंडळी! डॉक्टरांच्या पट्टीने या लेकराचा डावा डोळा घालवला! आता सांगा, थोतांड कोणाचं?” बाबा उठून उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

तेव्हा बायकांच्या बाजूने आईचा आवाज आला. आई सभेत बोलणारी बाई नव्हे. हळदीकुंकवालाही ती कोपरा धरून बसायची. “पट्टीनं नाय गेला,” ती म्हणाली. “पट्टी बऱ्या डोळ्याला लागलीच नाय. म्हंजे ह्या कमजोर डोळ्यालाच लागली. मी डाव्यावर बांधत होते.”

पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघू लागली.

“डाव्यावर?” मी म्हणाले. “आई, उजव्यावर सांगितली होती!”

“व्हय, कळलं होतं मला. डॉक्टरीण चुकली असंल असं वाटलं. बैलाचा खांदा सोलला तर आपण त्याच खांद्यावर जू ठेवतो का गो? दुखरं आहे त्याला आराम द्यायचा. पोरीचा डोळा आधीच कमजोर, त्याला वाल कशाला सोलायला लावायचे? बरा डोळा सोलेल की. म्हणून तू गेलीस की मी पट्टी फिरवायची. आणि तू आलीस की रविवार.” तिने पदर सावरला आणि मग, मला वाटलं ती खाली बसेल, तर ती गुरुजींकडे वळली. “पण तुम्ही काय बोलता? आत्ता तुम्ही म्हणालात पोर बरी केली. डोळा झाकला तर तिला माणूस दिसत नाय. मग बरं काय केलंत? आणि इलाज मी होऊच दिला नाय, तर त्यानं डोळा घालवला कसा?”

गुरुजींनी तोंड उघडलं. मला ते तोंड ओळखीचं वाटलं, माझंही ओटीवर तसंच झालं होतं. कोणीतरी शिट्टी वाजवली. आणि मग कोलाडचा एक म्हातारा ढाबेवाला, जो चष्मा काढून टाकायला आला होता, त्याने हळूच तळहाताने एक डोळा झाकला. मग दुसरा झाकला. “आयला!” तो मोठ्याने म्हणाला. “ह्या डोळ्यानं तर मला काय वाचताच येत नाय! इतकी वर्षं मी कुठल्या डोळ्यानं बघत होतो?” बघता बघता अख्खा हॉल एकेक डोळा झाकून तक्त्याकडे बघू लागला. मांडीवरच्या पोरांचे डोळे त्यांच्या आया झाकत होत्या. गुरुजी तालात काहीतरी वदवून घेऊ बघत होते, पण आता कोणी ताल धरत नव्हतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात यशस्वी सभा ती, आणि तिच्यात भाषण माझ्या आईने केलं.

परतीच्या एसटीत बाबांनी कुंदाला खिडकीशी बसवलं, तिचा चष्मा नाकावर नीट केला. मग म्हणाले, “विजे, तुझा कागद तेवढा सुधार.” एवढंच.

खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि ते सुंदर मुळीच नव्हतं. उजव्या डोळ्यावर पट्टी बसली तसा झरझर सोलणारा हात अडखळला. वालाचे मोड तुटायचे, साली दाण्यातच राहायच्या, परात उपडी व्हायची. कुंदा रडायची, पट्टी ओढून काढायची, “मला आंधळी केलीस” म्हणून आईला चावायची. आई मांडीत धरून बसायची आणि एकेक दाणा तिच्या बोटात द्यायची. दया तिला तेव्हाही येत होती, मला दिसायचं ते. फक्त आता हात पट्टीकडे जात नव्हता. वीकली ऑफ तिने स्वतःच बंद केला. थंडीत शेतावर पोपटी लावली, म्हणजे मडक्यात पाला घालून वालाच्या शेंगा भाजल्या, तेव्हाही कुंदा पट्टी लावूनच बसली. मडकं उपडं केल्यावर भांबुर्ड्याच्या काळ्या पाल्यातून वालाच्या शेंगा शोधून काढायच्या, हे काम तिचं एकटीचं. तिच्याआधी कोणी शेंग उचलली तर आई हातावर मारायची. पाहुण्यांच्याही.

रविवारी बाबा तिला रोह्याला न्यायचे. तिथे यार्डात मालगाडीचे डबे उभे असत, अंगावर पांढऱ्या रंगाने लांबलचक आकडे. अक्षरांचा तक्ता पाठ होतो, पण मालडब्यांचे आकडे दर आठवड्याला नवे. ही युक्ती बाबांची. आधी डब्याला नाक लावून, मग सिग्नलच्या तारेपासून, मग शेडच्या खांबापासून. कुंदा डाव्या डोळ्याने आकडे ओरडायची, बाबा उजव्या-डाव्या दोन्हींनी तपासायचे, आणि चुकला की रेल्वेवाल्यांना शिव्या द्यायचे, रंग नीट देत नाहीत म्हणून. पेणच्या बाईंनी पुढच्या खेपेला तपासून भुवया उंचावल्या. डावा डोळा उजव्याइतका कधीच झाला नाही. पण आज कुंदा त्याच रोह्यात स्वतःचा टेम्पो चालवते, दोन्ही आरशांत बघून.

पत्रक मी सुधारलं. मास्तरांशी भांडून सुधारलं, त्यांना मथळा लांब वाटत होता. ‘डोळ्यांचा व्यायाम डॉक्टरने तपासून सांगितला तर जरूर करा, सूर्याकडे बघायला सांगणाऱ्याला हाकलून द्या.’ खाली एक ओळ आईने घालायला लावली आणि ती मी एका अक्षरानेही बदलली नाही. ‘पट्टी बऱ्या डोळ्यावर बांधायची. आयांनी मधे पडू नये.’ आखूड वाक्यं लिहिण्याचा मला जो गर्व होता, तो तिथे उतरला.

दोन वर्षांमागे आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कुंदानेच टेम्पोतून तिला पेणहून घरी आणलं. मी मुंबईहून पोचले तेव्हा ती ओटीवर पाय पसरून बसली होती, ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर पांढरी पट्टी. मला बघून तिने बोटाने त्या पट्टीवर हलकेच टकटक केलं.

“दुखऱ्यावरच बांधलीय ना गो?” ती म्हणाली. “मी तेव्हा हेच सांगत होते. ऐकतंय कोण!”